गणिताने तोललेला इतिहास

परळच्या कामगार वस्तीत १९३७ साली बहुजन विहार उभारणारे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव दामोदर यांची ही ओळख.

त्यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले आणि १९३१ पासून दोन वर्षे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित शिकवू लागले. पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे त्यांनी काम केले.

हातोहात फिरणारे नाणे झिजते, वजनाने घटते. एवढ्याशा गोष्टीवरून, हजारो प्राचीन नाणी तोलून त्यांनी त्यांचा काळ शोधला. गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे १९४४ सालचे त्यांचे सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ मध्ये त्यांनी भर्तृहरीची सुभाषिते संपादित केली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. १९६६ साली पुण्यात ते निवर्तले.

पालकहो, दहावीनंतर मुलाने सायन्स घेतले, तर त्याच्या हातातले इतिहासाचे पुस्तक काढून घेऊ नका. मुलीने आर्ट्‌स घेतले, तर तिचे गणित बंद करू नका.