तळोज्याची निळी कुत्री आणि गच्चीवरचा प्राध्यापक

ऑगस्ट 2017 मध्ये निळ्या कुत्र्यांचे फोटो व्हायरल झाले होते, आठवतंय? पनवेल तालुक्यातल्या तळोजा एमआयडीसीत, कासाडी नदीच्या आसपास फिरणाऱ्या त्या भटक्या कुत्र्यांना कारखान्यातला रंग लागला होता.

कारखान्यातले रंग टिकण्यासाठीच बनवलेले असतात, म्हणून पाण्यात गेले की सहज जात नाहीत. ते नुसत्या उन्हाने तोडता येतील का, यावर आज जगभर संशोधन चालू आहे. उन्हाकडून रसायनशास्त्राची कामं करून घ्यायचा ध्यास शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने घेतला होता. त्याचं नाव जाकोमो चामिचान.

जन्म 1857, गाव त्रिएस्त, घराणं मूळचं आर्मेनियन. व्हिएन्नात शिकून, रोममध्ये काम करून ते 1889 मध्ये इटलीतल्याच बोलोन्याला प्राध्यापक झाले. तिथे सहकारी पॉल झिल्बर यांच्यासोबत त्यांनी रसायनं भरलेली काचेची भांडी इमारतीच्या गच्चीवर उन्हात मांडून ठेवली. ना भट्टी, ना दिवा. काही प्रयोगांना महिनोन्‌महिने लागत. उन्हाने कोणता रेणू तुटतो आणि कोणता नवा बनतो, याच्या नोंदी दोघं वर्षानुवर्षं ठेवत राहिले.

1912 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांनी कोळशावर जगणाऱ्या उद्योगांसमोर वेगळंच चित्र मांडलं: ओसाड प्रदेशात काचेच्या नळ्यांची जंगलं आणि धूर नसलेले कारखाने. उजेडाप्रमाणे रंग बदलणाऱ्या कपड्यांची कल्पनाही त्याच भाषणात होती. (आज रीलमध्ये सहज खपली असती!) नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, पण पुरस्कार मिळाला नाही. 1922 मध्ये बोलोन्यातच त्यांचं निधन झालं.

पुढे 1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश वापरून पाण्याचं विघटन करून दाखवलं. हीच पांढरी पूड रंगाचे रेणूही तोडते. प्रकाश पडला की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटतात, पाण्यात अतिशय आक्रमक कण तयार होतात आणि ते रंगाचे तुकडे करतात. अडचण एकच: तिला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम 5 टक्के. म्हणून तिला दृश्य प्रकाश शोषणाऱ्या दुसऱ्या पदार्थाची जोड देतात. यालाच कंपोझिट फोटोकॅटॅलिस्ट म्हणतात.

प्रयोगशाळेत एकाच रंगाचं स्वच्छ द्रावण असलं की हे छान चालतं. कारखान्याच्या सांडपाण्यात मात्र क्षार, गाळ, दहा प्रकारची रसायनं असतात. ते इतकं गडद असतं की ऊन आतपर्यंत पोहोचतच नाही.