खाटेपाशी भरणारा वर्ग

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. डॉक्टरकीशी माझा संबंध सर्दी-तापाच्या गोळ्यांपुरता. पण विल्यम ऑस्लर या फिजिशियनबद्दल वाचलं आणि राहवेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑस्लर यांचा जन्म १८४९ चा, कॅनडातला. वडील धर्मोपदेशक. मुलगाही त्याच वाटेने निघाला होता, पण ओढ वैद्यकाची. १८७२ मध्ये ते माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि दोनच वर्षांत तिथेच शिकवू लागले. देवीच्या वॉर्डात काम करून मिळालेले पैसे त्यांनी विद्यार्थ्यांच्या सूक्ष्मदर्शकांसाठी घातले.

तेव्हा एक्स-रे नव्हता. पोटातला, छातीतला रोग ओळखायचा तो डोळे, बोटं आणि कान यांच्या जोरावर. मग निदान बरोबर की चूक, हे कळणार कसं? ऑस्लर शवागारात जाऊन बघायचे. माँट्रियलला त्यांनी साडेसातशेहून जास्त शवविच्छेदनं केली. आपलाच अंदाज असा पडताळून बघायला छाती लागते. जर्नलमध्ये रीडिंग ‘जुळवणाऱ्यांनी’ यावर जरूर विचार करावा!

१८८९ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य फिजिशियन झाले. त्या काळी अमेरिकेत कितीतरी पोरं नुसती लेक्चरं ऐकून डॉक्टर व्हायची. ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात आणलं. रोग्याची हकीकत ऐकायची, त्याला तपासायचं, सगळं लिहून काढायचं आणि मगच निदान बोलायचं. वर्ग भरायचा तो खाटेपाशी.

१८९२ मध्ये त्यांचं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक आलं. रोगांची वर्णनं चोख, पण जिथे औषध नाही तिथे तसं सरळ लिहिलेलं. १८९७ मध्ये रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी ते वाचलं आणि इतक्या रोगांवर उपायच नाही हे बघून ते हबकले. १९०१ मध्ये रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली, त्यामागे हे वाचन होतं. प्रामाणिकपणे लिहिलेलं ‘माहीत नाही’ किती कामाचं असतं बघा!

१९०५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. १९१७ मध्ये महायुद्धात त्यांचा तरुण मुलगा रिव्हिअर मारला गेला. बाप खचला, तरी काम चालूच ठेवलं. २९ डिसेंबर १९१९ ला न्यूमोनियातून उद्भवलेल्या दुखण्याने ते गेले. त्यांच्याही देहाचं शवविच्छेदन झालं.

आज सीटी स्कॅन आहे, एमआरआय आहे, संगणकही निदान सुचवतो. ही यंत्रं आपल्यासारखे इंजिनिअरच बनवतात. पण दहा रिपोर्ट समोर ठेवून, रोग्याचं ऐकून त्यांचा मेळ घालायला अजून फिजिशियनच लागतो. उद्या असं एखादं यंत्र बनवाल तेव्हा खाटेवरच्या माणसाला विसरू नका, एवढंच सांगणं.