एडवर्ड जेन्नर : गावच्या दवाखान्यातून जगाला मिळालेली लस

देवीच्या रोगाचे नाव आजच्या तरुण पिढीने पुस्तकांतच वाचलेले असते. घरातील वडीलधाऱ्यांच्या दंडावरचे व्रण हीच काय ती त्याची उरलेली खूण. ज्या लसीने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा केला, ती राजधानीतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात शोधली गेली नव्हती. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या बर्कली या लहानशा गावी वैद्यकी करणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांनी ती आपल्या नेहमीच्या रुग्णांच्या साहाय्याने सिद्ध केली. त्यामुळे त्यांचे चरित्र सांगताना त्या पंचक्रोशीतील गवळणी, माळी, मजूर आणि त्यांची मुले यांनाही त्यात स्थान द्यावे लागते.

जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी बर्कली येथे झाला. वडील तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. एडवर्ड पाच वर्षांचे असतानाच आईवडील दोघेही निवर्तले आणि थोरल्या भावंडांनी त्यांचा सांभाळ केला. आठव्या वर्षाच्या सुमारास त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना देवी टोचण्यात आल्या. या पद्धतीत सौम्य देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातील लस निरोगी माणसाच्या शरीरात घालीत. बहुतेकांना हलका आजार होऊन जन्मभराचे संरक्षण मिळे. परंतु काही जण दगावत आणि टोचलेल्या माणसापासून इतरांना खऱ्या देवीची लागण होण्याचा धोकाही राही. टोचण्यापूर्वी अनेक दिवस जुलाब देणे, रक्त काढणे आणि अर्धपोटी ठेवणे हे सोपस्कार होत. पुढे या मुलाला इतर मुलांबरोबर एका तबेल्यात ठेवण्यात आले. त्या दिवसांची आठवण त्यांच्या मनातून कधीच पुसली गेली नाही.

किशोरवयात त्यांनी जवळच्या गावी एका शल्यवैद्याकडे उमेदवारी केली. १७७० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते लंडनला गेले आणि ख्यातनाम शल्यवैद्य जॉन हंटर यांचे शिष्य झाले. नुसता तर्क लढवीत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष करून पाहावे, ही हंटर यांची शिकवण त्यांच्या अंगी मुरली. कॅप्टन कुक यांच्या पहिल्या सफरीतून आलेले नमुने लावण्याचे काम त्यांनी केले, मात्र दुसऱ्या सफरीवर जाण्याची संधी नाकारून ते गावी परतले. घोड्यावरून शेताशेतांवर फिरणे, बाळंतपणे करणे, जखमा बांधणे हाच मग त्यांचा दिनक्रम झाला. फावल्या वेळात ते पक्षी न्याहाळीत. कोकिळेच्या कुळातील कुकू पक्ष्याचे नुकतेच जन्मलेले पिल्लू दुसऱ्या पक्ष्याची अंडी व पिल्ले घरट्याबाहेर कसे ढकलते, याचे वर्णन त्यांनी केले आणि त्या कामासाठी १७८९ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

गाईच्या सडांवर येणाऱ्या फोडांची लागण ज्या गवळणींच्या हातांना होते, त्यांना देवी येत नाहीत, असा समज त्या भागात पूर्वापार होता. १७७४ मध्ये डॉर्सेटमधील बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने तर या समजावर विसंबून आपल्या बायकोला व मुलांना गाईच्या देवी टोचल्याही होत्या. शिकलेले डॉक्टर मात्र याला गावगप्पा मानीत. जेन्नर यांनी स्थानिक वैद्यमंडळात हा विषय इतक्या वेळा काढला, की मंडळातून काढून टाकण्याची धमकी त्यांना मिळाली, असे सांगतात.

जेन्नर यांचे वेगळेपण असे, की त्यांनी हा समज ना उडवून लावला, ना जसाच्या तसा स्वीकारला. आपल्या रुग्णांना ते बारकाईने विचारीत गेले आणि मिळालेले उत्तर पडताळीत गेले. जोसेफ मेरेट या माळ्याला १७७० मध्ये गाईच्या देवी झाल्या होत्या. पंचवीस वर्षांनी, १७९५ मध्ये, त्याला नेहमीच्या पद्धतीने देवी टोचल्या, तेव्हा त्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही. जॉन फिलिप्स या व्यापाऱ्याला नवव्या वर्षी ती लागण झाली होती. बासष्टाव्या वर्षी टोचूनही त्याला देवी आल्या नाहीत. कोणत्या घरात कोणता आजार कधी येऊन गेला हे जिथे डॉक्टरला आणि शेजाऱ्यांना वर्षानुवर्षे ठाऊक असते, अशा ठिकाणीच या नोंदी होऊ शकत होत्या. शहरातील रुग्णालयात येणारा रुग्ण बरा झाला की नजरेआड होई. बर्कलीतला रुग्ण पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा भेटत असे.

सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावर ब्लॉसम नावाच्या गाईपासून फोड आले होते. १४ मे १७९६ रोजी जेन्नर यांनी त्यातील लस घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन बारीक छेद देऊन घातली. नवव्या दिवशी मुलाला थोडी कणकण आली आणि दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. १ जुलैला जेन्नर यांनी त्याला खऱ्या देवीची लस टोचली. रोग झाला नाही.

या प्रयोगाचे मोल जाणताना त्यातील जोखीमही पाहिली पाहिजे. जेम्स हा एका गरीब मजुराचा मुलगा होता. खऱ्या देवी टोचणे ही त्या काळची रूढ पद्धत असली, तरी त्या मुलाने कोणते संकट अंगावर घ्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवले होते. १७९८ च्या वसंतात जॉन बेकर या पाच वर्षांच्या मुलालाही टोचण्यात आले. पुढची चाचणी होण्यापूर्वीच गरिबांच्या आश्रयगृहात तापाने तो गेला. जेन्नर यांनी आपल्या अकरा महिन्यांच्या मुलालाही, रॉबर्टलाही, टोचले होते, पण त्याच्यावर लस लागली नाही.

रॉयल सोसायटीने त्यांचा पहिला निबंध स्वीकारला नाही. तेव्हा १७९८ मध्ये तेवीस नोंदींचे छोटे पुस्तक त्यांनी स्वखर्चाने छापले. त्यात बहुतेक रुग्ण नावानिशी आले आहेत. त्याच वर्षी लंडनमध्ये जवळजवळ तीन महिने राहूनही टोचून घ्यायला त्यांच्याकडे कोणी पुढे आले नाही. गावातल्या माणसांनी ज्या ओळखीवर हात पुढे केला होता, ती ओळख राजधानीत नव्हती.

तरीही काही वर्षांतच लस जगभर पोचली. बर्फाची पेटी नसलेल्या त्या काळात एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती जिवंत ठेवावी लागे. १८०३ मध्ये स्पेनने अमेरिकेकडे पाठवलेल्या जहाजावर याच कामासाठी बावीस अनाथ मुले होती. भारतात ती बगदाद आणि बसरामार्गे आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वीपणे टोचली गेली आणि तिच्यापासून सुरू झालेली साखळी पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास येथवर गेली.

ब्रिटिश संसदेने जेन्नर यांना १८०२ मध्ये दहा हजार आणि १८०७ मध्ये आणखी वीस हजार पौंड दिले. तरी त्यांचे मन बर्कलीतच रमले. बागेतील गवताने शाकारलेल्या झोपडीत ते गोरगरिबांना विनामूल्य लस टोचीत. जेम्स फिप्सला त्यांनी बिनभाड्याचे घर दिले. १८१० मध्ये थोरला मुलगा आणि १८१५ मध्ये पत्नी कॅथरीन क्षयाने गेली. २६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत फिप्सही होता.

८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देवीच्या निर्मूलनाची घोषणा केली. दरम्यान संशोधनाचे नियमही पालटले होते. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने सहभागी व्यक्तीची संमती पायाभूत मानली. आज दवाखान्यातील डॉक्टर एखाद्या चाचणीविषयी विचारतात, तेव्हा तिचा हेतू आणि धोके समजून घेण्याचा, नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो. बेकर आणि फिप्स यांना असा हक्क नव्हता. फिप्स १८५३ मध्ये वारला. जेन्नर ज्या चर्चच्या आवारात विसावले आहेत, तिथेच त्यालाही मूठमाती मिळाली.