मोलोकाईचे फादर डेमियन

बेल्जियम देशातील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी जोसेफ द व्हूस्टर याचा जन्म झाला. मुलाने धान्याचा व्यापार पाहावा, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु थोरला भाऊ ख्रिस्ती संन्यासी झाला होता, आणि जोसेफचे मनही तिकडेच ओढ घेई. अखेर त्याच संघात तो दाखल झाला. तेथे त्याला डेमियन हे नाव मिळाले.

७ ऑक्टोबर १८६० रोजी पॅरिस येथे त्याचा व्रतग्रहणाचा विधी झाला. त्या संघाची रीत मोठी विलक्षण होती. निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते घेणाऱ्याने भूमीवर पडावयाचे आणि प्रेतावर घालण्याचे वस्त्र त्याच्यावर पसरावयाचे. हा जीव आता आपला नव्हे, तो देवाला वाहिला, असा त्याचा अर्थ.

१८६३ साली भाऊ हवाई बेटांस निघणार, तोच तापाने अंथरुणास खिळला. डेमियनांनी त्याची जागा मागून घेतली.

त्या बेटांत तेव्हा कुष्ठरोग पसरला होता. आज औषधाने बऱ्या होणाऱ्या या रोगावर त्या काळी उपाय नव्हता. १८६६ पासून रोग्यांना घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटाच्या एका टोकावर नेऊन सोडीत. तीन बाजूंस समुद्र, चौथीस उभा कडा! तेथे आळीपाळीने जाण्यास चार धर्मगुरू पुढे आले. १० मे १८७३ रोजी प्रथम डेमियन गेले, ते कायमचेच. अंगावर पसरलेले ते वस्त्र त्यांना त्या वेळी आठवले होते.

पहिल्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. मग हाती हातोडा घेतला. त्यांनी घरे बांधली, जखमा धुतल्या, शवपेट्या केल्या, थडगीही खणली. स्वभावाने ते हट्टी व तापट. वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत. पण एकदा जहाजातून आलेल्या वरिष्ठांस किनाऱ्यावर उतरू देईनात व डेमियनांस जहाजावर चढू देईनात, तेव्हा एकांतात सांगावयाची पापकबुली या मानी माणसाने होडीतून, सर्वांदेखत, ओरडून दिली.

१८८४ च्या डिसेंबरात त्यांचा पाय कढत पाण्यात पडला. कातडी भाजली, पण वेदना झाली नाही. काय झाले, ते त्यांनी ओळखले. काम मात्र थांबले नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

१९३६ साली त्यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. त्यांतील उजवा हात १९९५ मध्ये मोलोकाईस परत आणून मूळच्या थडग्यात पुरण्यात आला.