पंडिता रमाबाई व दहा वर्षांची देणगी

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, पेठ व सुरगाणा ह्या बाजूंच्या खेड्यांतून आमच्याकडे पुष्कळदा उपदेशक बंधू येतात आणि परदेशच्या एखाद्या मंडळीला पत्र लिहून द्यावे, अशी विनंती करतात. कोणाला विहीर हवी असते, कोणाला शिवणवर्गाकरिता यंत्रे, कोणाला मुलांच्या वसतिगृहावर पत्रे घालावयाचे असतात. गरज खरी असते. परंतु विहिरीवर किती घरे पाणी भरतील, तिचा गाळ पुढे कोण काढील, पैसे कोणाच्या हाती राहतील, असे विचारले म्हणजे बंधू गप्प बसतात. आम्हीही तरुणपणी असेच एक पत्र लिहिले होते. त्यात दुःखाचे वर्णन दोन पाने होते व हिशेबाची एक ओळही नव्हती. त्याचे उत्तर अद्यापि यावयाचे आहे! म्हणून पंडिता रमाबाई ह्यांचे चरित्र ह्या एका बाजूने वाचकांपुढे ठेवावे, असे आमच्या मनात आले.

बाईंचा जन्म १८५८ साली एप्रिल महिन्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या माउलीने तेच ज्ञान रमाबाईंना दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे व मिळालेले द्रव्य दानधर्मात खर्च करी. मद्रास इलाख्यातील दुष्काळात जवळचे सर्व संपले. भीक मागण्याची लाज, अंगमेहनतीची सवय नाही, अशा स्थितीत आईबाप व वडील बहीण उपासमारीने गेली. ज्या बाईंना पुढे साता समुद्रांपलीकडे जाऊन दुसऱ्यांसाठी मागावे लागले, त्यांचे बालपण हे असे होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बंधू श्रीनिवास ह्यांच्यासह त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढे बंधू वारले. बिपिनबिहारी ह्या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आतच, १८८२ च्या फेब्रुवारीत, तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या विधवा झाल्या. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचा खर्च निघाला. पहिल्या परदेशगमनासाठी त्या कोणाच्या दारी गेल्या नाहीत. १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्यांनी शिकण्याबरोबर संस्कृत शिकविण्याचेही काम केले.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या, त्या आपल्या नात्यातील आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी. फिलाडेल्फिया येथे हा समारंभ ११ मार्च रोजी झाला. दोनचार महिन्यांचा मुक्काम जवळजवळ तीन वर्षांचा झाला. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी तेथेच घेतले, आणि इंग्रजीत एक पुस्तक लिहून १८८७ साली प्रसिद्ध केले. उच्च वर्णातील हिंदू स्त्रीची स्थिती हा त्याचा विषय. डॉ. रेचेल बॉडली ह्या आनंदीबाईंच्या कॉलेजच्या प्रमुखांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

आमच्या मते हे पुस्तक म्हणजे एक लांबलचक विनंतिपत्रच होय. त्यात आधी रोग सांगितला आहे: बालविवाह, अल्पवयी वैधव्य, स्त्रियांचे अज्ञान, आणि त्याला सरकारी शिरगणतीच्या आकड्यांचा आधार दिला आहे. मग शेवटी औषध मांडले आहे. विधवांसाठी असे घर असावे की जेथे त्यांना आपला आचार न सोडता राहता येईल. तेथे त्यांनी शिक्षिका, परिचारिका व्हावे, हस्तकौशल्य शिकावे, म्हणजे त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील. वाचणाऱ्याला रडू यावे एवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. पैसा आला तर तो कोठे जाईल, हे त्यांनी आधीच सांगितले.

१८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ नावाची मंडळे निघाली आणि तेथील सामान्य स्त्रीपुरुषांनी दरवर्षी थोडथोडी वर्गणी देण्याचे मान्य केले. अशा लहान रकमांतून वर्षाला सुमारे ५,००० डॉलर उभे राहावयाचे होते. ह्या वचनाला दोन मर्यादा होत्या. एक मुदतीची: मदत दहाच वर्षे. दुसरी अशी की शाळा कोणत्याही धर्माचा प्रचार करणारी नसावी. स्वतः ख्रिस्ती असून बाईंनी ही अट मान्य केली, ह्याचे आमच्या कित्येक वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या मुलींसाठी घर उघडावयाचे, त्यांचे पालक अन्यथा त्यांना पाठवतेच ना.

जपानमार्गे परत येऊन बाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. १८९० साली सदन पुण्यास आले.

अटीची खरी कसोटी पुण्यास लागली. बाई पहाटे मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करीत व दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. बाईंनी कोणाला बोलावले नाही, आणि कोणाला हाकलूनही दिले नाही. ह्यावरून शहरात मोठा गवगवा झाला. रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी १८९३ च्या ऑगस्टात सल्लागार मंडळ सोडले, आणि वीसपंचवीस मुलींना पालकांनी घरी नेले. बाईंनी अटीचे शब्द मोडले नाहीत, असे आमचे मत आहे. तथापि विरोधकांची चिंता अगदीच निराधार होती, असेही आम्ही म्हणणार नाही, कारण पुढे दोनतीन वर्षांत सदनातील काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला.

दात्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. वर्तमानपत्रे वाचून त्यांनी पैसे थांबविले नाहीत, आणि डोळे मिटून ते पाठवीतही राहिले नाहीत. असोसिएशनच्या कार्यकारी मंडळातील जुडिथ अँड्रूज ह्या बाई स्वतः पुण्यास आल्या व त्यांनी सर्व कारभार डोळ्यांनी पाहिला. बाईंनी काहीही झाकले नाही. मदत चालू राहिली. तपासणीस कोणी आला की आपल्या संस्थांत धावपळ सुरू होते, ती कशाने होते हे आम्ही येथे लिहीत नाही.

आता मुदतीचे. दहा वर्षे पुरी व्हावयाच्या आधीच बाईंनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तेथे फळझाडे लावावी, विहिरी खणाव्या, आणि १८९८ नंतर अमेरिकेची वर्गणी बंद झाली तरी जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा त्यांचा विचार होता. देणगी चालू असतानाच तिच्या शेवटाची तजवीज करणारा मनुष्य आम्ही फार थोडा पाहिला आहे.

परंतु झाडांना फळे येण्यापूर्वीच १८९६ चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना गोळा करून आणू लागल्या. पुण्यात प्लेगची बंदी असल्यामुळे शहरात त्यांना ठेवता येईना, म्हणून त्या केडगावच्या शेतावर गेल्या. ह्या मुली सर्व जातींच्या होत्या. असोसिएशनचा पैसा शारदा सदनासाठी होता. सदनाच्या पैशाला ह्यांच्यासाठी हात लावावयाचा नाही, म्हणून बाईंनी मुक्ती सदनासाठी वेगळी मदत मिळविली. १८९८ साली त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या व दहा वर्षांचे काम दात्यांपुढे मांडले. जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी स्थापन झाली, आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालू लागली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे सुमारे २,००० जीव होते. छापखाना, विणकाम, तेलाचा घाणा, शेती अशी कामे मुली स्वतः करीत.

बाईंच्या काळी परदेशचा पैसा बँकेतून सरळ येई. आज तसे नाही, आणि आमच्या बंधूंनी हे पत्र लिहिण्यापूर्वीच जाणले पाहिजे. २०१० चा एक कायदा आहे, ज्याला सरकार दरबारी एफसीआरए म्हणतात. त्याप्रमाणे केंद्रीय गृहखात्याकडे नोंदणी झाल्याशिवाय, किंवा विवक्षित कामापुरती आगाऊ परवानगी मिळाल्याशिवाय, कोणत्याही संस्थेला परदेशची देणगी घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीपासून ही रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. कारभारखर्च २० टक्क्यांहून अधिक करता येत नाही. दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. नोंदलेल्या मोठ्या संस्थेने पैसे घेऊन ते गावच्या मंडळीला द्यावेत, ही जुनी वाटही त्याच दुरुस्तीने बंद झाली. म्हणजे गावची विहीर हवी असेल तर नोंदलेल्या संस्थेनेच ती स्वतः खणून द्यावी, असे तिच्याशी आधी ठरवावे लागेल.

बाईंची अखेरची वर्षे मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात गेली. त्यांच्यामागे काम सांभाळील अशी आशा जिच्यावर होती, ती मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधीच गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे बाईंनी देह ठेवला. दहा वर्षांची वर्गणी संपल्याला तेव्हा चोवीस वर्षे होऊन गेली होती. ज्या शेतावर त्यांनी दुष्काळातील मुलींना उतरविले, तेथे मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे.