एकाकी आलमगीर

वाईट माणसे सुखाने झोपतात, असे मला लहानपणापासून वाटे. आमच्या शेताचा बांध कोरणारा माणूस पूर्णेच्या बाजारात हसत फिरे आणि माझे वडील मात्र रात्ररात्र जागत. कॉलेजात येऊन औरंगजेबाचे चरित्र वाचले आणि ही समजूत ढासळली.

औरंगजेबाचा जन्म १६१८ साली दाहोदला झाला. १६५८ मध्ये त्याने बाप शहाजहानला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले. पुढच्याच वर्षी थोरल्या दाराला ठार केले. मुरादला गोड बोलून पकडले आणि १६६१ मध्ये संपविले. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांची हाल हाल करून हत्या केली. ज्याने बापाला कोंडले, त्याला मुलांचा भरवसा कसा वाटावा? मुलगा मुअज्जम १६८७ पासून वर्षानुवर्षे कैदेत होता.

१६८१ साली तो दक्षिणेत उतरला, तो परत गेलाच नाही. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगर येथे त्याचा अंत झाला. अखेरीस मुलांना लिहिलेल्या पत्रांत पश्चात्ताप, भीती आणि एकटेपण भरून राहिले आहे.

आजचे मानसशास्त्र आत्मप्रौढी, कावेबाजपणा आणि निर्दयपणा हे दुर्गुण एका गटात ठेवते. ज्यांचा अहंकार सहज दुखावतो, त्यांच्यात खिन्नता अधिक आढळते. थंड काळजाच्या माणसात ती दिसेलच असे नाही. म्हणून बादशहाला मी मनोरुग्ण ठरवीत नाही. शिवाय, दुःखाने त्याची पापेही धुतली जात नाहीत.

बांध कोरणारे ते गृहस्थ आता ओसरीवर एकटेच बसलेले दिसतात. परवा वडिलांनी त्यांच्यापुढे तंबाखूची चंची धरली. मला अजून ते जमत नाही.