गणवेश चढविला, गणवेश उतरविला : सेनानी आंग सान

आमच्या वसतिगृहातून शिकून महाविद्यालयात गेलेली मुले सुट्टीत भेटावयास येतात, तेव्हा त्यांतील एखादा तरी पदवी अर्धवट टाकून सैन्यभरतीस जाण्याचा मनोदय बोलून दाखवितो. सोबत आलेल्या आईच्या चेहऱ्यावर काळजी असते, तर वडिलांना पोटापाण्याची निश्चिती दिसत असते. दोघेही आम्हांस सल्ला विचारतात. आमच्या समाजास सैन्य परके नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि महूच्या छावणीतच बाबासाहेबांचा जन्म झाला. छावणी आणि शाळा यांचे आपल्याकडे वैर नव्हते. तरीही पुस्तक मिटून बंदूक उचलणाऱ्याने मागे काय ठेवावे आणि सोबत काय न्यावे, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाच्या निमित्ताने ब्रह्मदेशाचे सेनानी आंग सान यांचे चरित्र येथे सांगावेसे वाटते. डिसेंबर 1954 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले, तेव्हा त्या देशास स्वतंत्र होऊन सातच वर्षे होत आली होती, आणि ते स्वातंत्र्य घडविणारा पुरुष ते पाहण्यास जिवंत राहिला नव्हता.

आंग सान यांचा जन्म 13 फेब्रुवारी 1915 रोजी मध्य ब्रह्मदेशातील नात्मौक या लहानशा गावी झाला. वडील वकील होते. घराण्यातील एका पूर्वजाने इंग्रजी अंमलास शस्त्राने विरोध करताना प्राण गमावले होते, आणि ती कथा ऐकतच हा मुलगा वाढला. आठ वर्षांचा होत आला तरी तो शाळेत जावयास तयार नव्हता, असे सांगतात. त्या देशात मुलांना काही काळ श्रामणेर करण्याची प्रथा आहे आणि त्या सोहळ्यात मुलास घोड्यावरून मिरवीत नेतात. पांढऱ्या घोड्यावर बसण्याच्या ओढीने त्याने श्रामणेर होण्याचा हट्ट धरला. त्यासाठी आधी अक्षरओळख हवी, असे आईने सांगताच तो विहाराच्या शाळेत जाऊन बसला. पुढे येनांग्यौंग येथील राष्ट्रीय शाळेतून बर्मी आणि पाली या विषयांत विशेष प्रावीण्य मिळवून तो मॅट्रिक झाला.

रंगून विद्यापीठात आलेला हा खेडवळ तरुण अबोल, वेशभूषेविषयी बेफिकीर आणि काहीसा विक्षिप्त समजला जाई. सभांतून तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलावयास उभा राही. श्रोते हसत, परंतु तो बोलणे पुरे केल्यावाचून खाली बसत नसे. 1936 मध्ये विद्यार्थी संघाच्या नियतकालिकाचे संपादन त्यांच्याकडे होते. विद्यापीठातील एका अधिकाऱ्यावर टीका करणारा निनावी लेख त्यात छापला गेला. लेखकाचे नाव सांगण्यास आंग सान यांनी साफ नकार दिला आणि त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्यांच्याप्रमाणेच ऊ नू यांच्यावरही कारवाई झाली होती. विद्यार्थ्यांनी मोठा संप पुकारला आणि श्वेडगॉन पॅगोड्याच्या परिसरात तळ ठोकला. अखेर आंग सान यांच्यावरील कारवाई मागे घ्यावी लागली. त्यांनी पदवी पूर्ण केली व कायद्याच्या अभ्यासास आरंभ केला.

1938 मध्ये तो अभ्यास त्यांनी सोडला. वडिलांप्रमाणे वकील होऊन सुखाने राहण्याची वाट मोकळी होती, परंतु ते थाकिन मंडळींच्या पक्षात गेले. थाकिन म्हणजे मालक. ब्रह्मी माणसाने इंग्रजास या शब्दाने संबोधावे अशी रीत होती, म्हणून या तरुणांनी तोच शब्द आपल्या नावामागे लावला. मार्च 1940 मध्ये रामगढ येथील काँग्रेस अधिवेशनास आंग सान उपस्थित राहिले. परतल्यावर अटकेचे वॉरंट निघाले, तेव्हा ऑगस्टमध्ये एका मालवाहू जहाजातून ते गुप्तपणे चीनमधील अमॉय बंदरास गेले. तेथून जपानी हस्तकांनी त्यांना टोकियोस नेले. पुढील वर्षी वेष पालटून ते मायदेशी आले आणि त्यांनी निवडक साथीदार बाहेर काढले. इतिहासात ‘तीस साथीदार’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या या तुकडीस हैनान बेटावर अत्यंत कठोर लष्करी शिक्षण मिळाले. काल वर्गात बसणारी मुले तेथे सैनिक झाली. डिसेंबर 1941 मध्ये बँकॉक येथे ब्रह्मदेश स्वातंत्र्य सेना उभी राहिली आणि जपानी फौजांबरोबर ती स्वदेशात शिरली.

येथे आम्हांस थांबावे लागते. घाईने उभारलेल्या या सेनेत शिस्त अपुरी होती. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात तिच्या लोकांकडून करेन जमातीवर भीषण अत्याचार झाले. खुद्द आंग सान यांनी थाटोन भागातील एका गावच्या मुखियास युद्धकाळात स्वतःच्या हाताने मृत्युदंड दिला. पुढे हे प्रकरण निघाले तेव्हा त्यांनी ते नाकारले नाही. विहारात अक्षरे गिरविलेल्या आणि पालीत प्रावीण्य मिळविलेल्या हातून हे घडले. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना हे झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. शस्त्र हाती येते, तेव्हा विवेकाची परीक्षा वर्गातील परीक्षेहून कितीतरी कठीण होते, हे आमच्या मुलांनी येथूनच शिकावे.

1 ऑगस्ट 1943 रोजी जपानने ब्रह्मदेशास स्वातंत्र्य बहाल केले. आंग सान संरक्षणमंत्री झाले, परंतु हे स्वातंत्र्य नावापुरतेच आहे हे त्यांनी ओळखले. चूक कळल्यावर ती दुरुस्त करण्यास ते कचरले नाहीत. त्यांनी गुप्तपणे जपानविरोधी आघाडी बांधली आणि 27 मार्च 1945 रोजी त्यांची सेना जपान्यांवरच उलटली. मे महिन्यात ते इंग्रज सेनापती स्लिम यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, तेही जपानी सेनाधिकाऱ्याच्याच गणवेशात.

युद्ध संपल्यावर सप्टेंबर 1945 मध्ये सिंहलद्वीपातील कँडी येथे वाटाघाटी झाल्या. नव्या सैन्यात आंग सान यांना ब्रिगेडियरची जागा देऊ करण्यात आली होती. वय अवघे तीस, मानमरातब आणि स्थैर्य समोर आलेले. त्यांनी ती जागा नाकारली, गणवेश उतरविला आणि ते लोकांमध्ये परत गेले. राज्य लोकांनी निवडलेल्या माणसांनी करावयाचे असेल, तर सेनापतीने आधी सैन्यातून बाहेर पडले पाहिजे, असा या कृतीचा अर्थ आम्ही लावतो. कायद्याचा अभ्यास सोडण्यापेक्षा हा त्याग आम्हांस मोठा वाटतो.

पुढील दोन वर्षांत त्यांनी वाटाघाटींच्या बळावर जे मिळविले, ते रणांगणावर मिळाले नव्हते. दिल्लीत नेहरूंना भेटून ते लंडनला गेले आणि 27 जानेवारी 1947 रोजी पंतप्रधान ॲटली यांच्याशी स्वातंत्र्याचा करार झाला. 12 फेब्रुवारीस पांगलाँग येथे शान, काचिन आणि चिन नेत्यांनी एका संघराज्यात येण्याचे मान्य केले. करेन मात्र त्या करारात सामील नव्हते. एप्रिलच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीस प्रचंड बहुमत मिळाले. परंतु 19 जुलै 1947 रोजी सकाळी रंगूनच्या सचिवालयात मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना बंदूकधारी आत घुसले. आंग सान आणि त्यांचे सहा सहकारी मंत्री मारले गेले. या कटाबद्दल त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी ऊ सॉ यांना पुढे फाशी झाली. आंग सान यांचे वय 32 होते. धाकटी कन्या सू ची दोन वर्षांची होती. 4 जानेवारी 1948 रोजी देश स्वतंत्र झाला आणि पंतप्रधान झाले ते विद्यापीठातील त्यांचे सोबती ऊ नू.

1962 मध्ये त्याच तीस साथीदारांपैकी एक, जनरल ने विन, यांनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली. आंग सान यांनी उभारलेल्या सेनेने त्यांचा गणवेश जपला, परंतु तो उतरविण्याचा त्यांचा धडा मात्र घेतला नाही. त्याची किंमत ती जनता अनेक दशके मोजीत आली आहे.

म्हणून भरतीस निघालेल्या मुलास आम्ही अडवीत नाही. शक्य असेल तर पदवी पुरी करून जा, एवढे सांगतो. आईस सांगतो की सैन्यात गेलेला मुलगा शिक्षणास मुकतोच असे नाही. आणि मुलास सांगतो की वाचन सोडू नकोस, दुर्बलावर हात उगारू नकोस, आणि गणवेश उतरविण्याचा दिवस येईल तेव्हा गावच्या शाळेत परत ये. येथे शिकविण्यासारखे तुझ्याजवळ पुष्कळ असेल.